चिकट झालेला टेंट टाकून द्यायचा का?

नमस्कार दादा,
मी डोंबिवलीची. सहा वर्षांपूर्वी पहिल्या पगारातून तिघांचा टेंट घेतला. राजमाची, हरिश्चंद्रगड, रतनवाडी, पवना, सगळीकडे तो सोबत होता. गेल्या जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो. रात्री पाऊस झाला, सकाळी घाईघाईत टेंट गुंडाळला आणि घरी आल्यावर तो माळ्यावर गेला. खाली काढला तो थेट डिसेंबरात. उघडला तर तळाचं कापड हाताला चिकटत होतं आणि आंबूस वास येत होता. एका कोपऱ्यात काळे ठिपके पडलेत. दाराची चेन लागते, पण रनर पुढे गेला की मागून उघडत जाते. फायबरचा एक पोल चिरलाय. शिवाय भंडारदऱ्याला आत पाणीही आलं होतं, ते कुठून आलं हे कळलंच नाही. भाऊ म्हणतो, टाकून दे, सेलमध्ये नवा मिळेल. मला टाकवत नाही. दुरुस्त होईल का? आणखी एक, मित्रमैत्रिणी टेंट मागतात. त्यांना द्यावा का?
– एक ट्रेकर, डोंबिवली

नमस्कार ताई,

टाकू नका. निदान इतक्यात तरी नाही. तुम्ही लिहिलेल्या तक्रारींपैकी चेन आणि पोल ही किरकोळ कामं आहेत. पाणी कुठून आलं ते एका दुपारी शोधता येतं. काळजीची गोष्ट एकच, ती म्हणजे चिकट झालेला तळ. त्याचंही काय करायचं ते पुढे लिहितो. पण आधी हे झालं कसं ते समजून घ्या, नाहीतर नव्या टेंटचंही दोन पावसाळ्यांत हेच होईल.

टेंटचं कापड पॉलिएस्टरचं किंवा नायलॉनचं असतं. ते विणलेलं असतं, त्यामुळे नुसत्या कापडातून पाणी आरपार जातं. पाणी अडवतो तो त्याच्या आतल्या बाजूला दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. ट्रेकर मंडळी त्याला पीयू कोटिंग म्हणतात. या थराचे दोन शत्रू आहेत, ओल आणि ऊब. दोन्ही एकत्र आणि पुष्कळ दिवस मिळाली, की पाणी त्या थराच्या रेणूंमधले जोड तोडायला लागतं. रसायनशास्त्रात याला हायड्रॉलिसिस म्हणतात. आधी थर चिकट होतो, मग वास मारतो आणि शेवटी पापुद्रे सुटून पडायला लागतात. तुम्हाला आलेला आंबूस वास बराचसा या विघटनाचाच आहे, फक्त बुरशीचा नाही.

आता तुमचा माळा डोळ्यांसमोर आणा. वर स्लॅब, जून ते सप्टेंबर मुंबईच्या पट्ट्यातली दमट हवा, आणि घट्ट पिशवीत कोंबलेला ओला टेंट. पावसाळा संपला म्हणजे सुटका झाली असंही नाही, कारण लगेच ऑक्टोबरची उष्णता सुरू होते. सहा महिने त्या थराला ओल आणि ऊब दोन्ही मिळत राहिली. हरिश्चंद्रगडाच्या वाऱ्यात त्याचं जितकं नुकसान झालं नसेल, तितकं या सहा महिन्यांत झालं. मला जे टेंट दाखवले जातात, त्यांतले बहुतेक असे घरात पडून खराब झालेले असतात. वापरून झिजलेले फार कमी.

तेव्हा पहिलं काम म्हणजे टेंट पूर्ण उभारून बघणं. सोसायटीच्या गच्चीवर परवानगी काढा, ऊन उतरल्यावर टेंट लावा आणि बाहेरचं कव्हर, म्हणजे फ्लाय, नीट तपासा. त्याची आतली बाजू तळहाताने चाचपा. कोरडी आणि गुळगुळीत लागली तर काम सोपं. मग जिथे सर्वात जास्त ऊन बसतं तिथलं, म्हणजे छताच्या माथ्यावरचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून बेताने ताणा. ते कागदासारखं टर्रकन फाटलं, तर उन्हाने धागाच मेला आहे आणि तिथे कुठलीही दुरुस्ती टिकणार नाही. तलावांच्या काठी हंगामभर उभ्या ठेवलेल्या भाड्याच्या टेंटचं असंच होतं. तुमचा टेंट अधूनमधूनच बाहेर पडलेला, त्यामुळे कापड शाबूत असेल असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर जाऊ नका, ओढून बघा. फ्लायची सगळी आतली बाजूही चिकट निघाली, तरच भावाचं म्हणणं खरं धरा.

फ्लाय चांगला निघाला तर लगेच गळती शोधा, टेंट उभारलेलाच आहे. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं आणि बाहेर दुसऱ्याने पाण्याचा पाइप धरायचा. पाणी एकदम वरून ओतू नका. आधी खालच्या कडांवर, मग भिंतींच्या शिवणींवर, मग दारावर आणि सगळ्यात शेवटी छतावर, असं खालून वर जा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे येतं आणि आत कुठून शिरलं ते कळत नाही. आत बसलेल्याने शिवणींवरून बोट फिरवत राहायचं आणि जिथे ओल लागेल तिथे खडूने खूण करायची.

तळाची तपासणी वेगळी. गच्चीवर एक जुना टॉवेल चिंब भिजवून पसरा, त्यावर टेंटचा तळ येऊ द्या आणि आतून गुडघा टेकवून मिनिटभर जोर द्या. तळाच्या आत ओल आली तर भंडारदऱ्याचं पाणी तिथूनच आलं. बसल्या माणसाच्या गुडघ्याखाली किंवा कोपराखाली पडणारा दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त असतो. टेंटच्या लेबलवर १५०० मिमी, ३००० मिमी असे आकडे असतात, त्यांचा अर्थ हाच: कापड किती उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्यावर पेलू शकतं. फ्लायला १५०० पुरतात. तळाला ३००० किंवा त्याहून जास्त असावेत.

आणखी एक शक्यता, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ते पाणी कदाचित बाहेरून आलंच नसेल. माणूस रात्रभरात नुसत्या श्वासातून आणि कातडीवाटे पेलाभर पाणी हवेत सोडतो. तिघे आत, बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. मग ती वाफ थंड फ्लायवर जमते आणि वाऱ्याने कापड हललं की थेंबाथेंबाने अंगावर पडते. यात फ्लायची आतली बाजू सगळीकडे सारखी ओली असते. गळती असेल तर एखाद्या शिवणीच्या रेषेत किंवा ठरावीक जागीच पाणी दिसतं. जूनमध्ये काजव्यांच्या वेळी भंडारदऱ्याच्या आसपास हवा इतकी दमट असते, की दोन्ही एकदम झालं असेल तरी नवल नाही. त्यावर उपाय म्हणजे वरची खिडकी पावसातही उघडी ठेवणं, फ्लाय दोरीने ताणून इनरपासून, म्हणजे आतल्या टेंटपासून, सुटा ठेवणं आणि ओले कपडे आत न वाळवणं.

आता तळ. इथे घाई करून चालणार नाही.

तुटलेला थर परत जुळत नाही, तो काढून नवा द्यावा लागतो. आधी टेंट बादलीतल्या कोमट पाण्यात भिजवा. अंगाचा सौम्य साबण चालेल. कपडे धुण्याची पावडर, ब्लीच, फॅब्रिक कंडिशनर यांतलं काही नको, त्यांचा अंश कापडात राहतो आणि मग पाणी घसरण्याऐवजी मुरतं. वॉशिंग मशीनमध्ये तर चुकूनही टाकू नका, त्या घुसळणीत उरलेला थर आणि शिवणीवरची पट्टी दोन्ही सुटतात. भिजलेला तळ गच्चीच्या फरशीवर आतली बाजू वर करून पसरा आणि मऊ ब्रशने, फार जोर न लावता, गोल गोल घासा. सुटा थर पांढरट कपचे होऊन निघायला लागेल. नुसत्या पाण्याने न निघणाऱ्या चिकट जागा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सुती फडक्यावर थोडं घ्यायचं, एक हातभर जागा पुसायची, फडकं काळपट झालं की दुसरं घ्यायचं. खिडकीचं पारदर्शक प्लास्टिक आणि छापलेली चित्रं यांपासून ते लांब ठेवा. काम करताना दारं-खिडक्या उघड्या असू द्या आणि जवळपास आग नको. हाताने चाचपल्यावर नुसतं विणलेलं कापड लागलं आणि चिकटपणा उरला नाही, की थांबा. जिथला थर घट्ट बसलेला आहे तो मुद्दाम खरवडून काढू नका.

मग दोन दिवस सावलीत पूर्ण वाळू द्या. ओलसर कापडावर नवा थर धरत नाही.

नवा थर म्हणजे टेंटच्या तळासाठी मिळणारं पॉलियुरेथेनचं द्रावण. गिअर एडसारख्या कंपन्यांचं बाटलीत मिळतं, ऑनलाइन मागवावं लागतं. स्पंजने अगदी पातळ हात द्या, दिवसभर वाळू द्या आणि गरज वाटली तर दुसरा हात द्या. एकदम जाड फासलं तर घडीवर तडकतं. वाळल्यावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरवा, म्हणजे घडीत कापड कापडाला चिकटणार नाही. भिंतीचं किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग मात्र लावू नका. इंटरनेटवर कुणीतरी लावून दाखवलेलं असतं. ते कापडासाठी बनलेलं नाही, जड होतं आणि पहिल्याच घडीत चिरतं.

इथे एक गोष्ट तपासून घ्यायला हवी. काही हलक्या आणि महाग टेंटना पीयूऐवजी सिलिकॉनचा थर असतो. कापड हाताला तुळतुळीत, घसरडं लागतं आणि साधी चिकटपट्टी त्यावर बसतच नाही. सिलिकॉनवर पीयू धरत नाही आणि पीयूवर सिलिकॉन नीट धरत नाही, म्हणून कुठलीही ट्यूब घेण्याआधी आपलं कापड कुठलं ते बघा. तुमचा तळ चिकट झालाय, म्हणजे तो पीयूचाच. सिलिकॉनला हा रोग होत नाही.

एवढा खटाटोप करायची तयारी नसेल तर दुसरा मार्गही आहे. चिकट थर काढून टाका, नवा देऊ नका, आणि आतून तळाच्या मापाची ताडपत्री अंथरा. वजन अर्धा-पाऊण किलोने वाढेल. पवन्याला किंवा भंडारदऱ्याला गाडीने जाणाऱ्यांना ते जाणवायचंही नाही. रतनगड चढून जाताना जाणवेल. तुम्ही चढणाऱ्यांतल्या दिसता, म्हणून मी नवा थर द्या असंच म्हणेन.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती पॉलिएस्टर खात नाही. कापडावर बसलेली माती, घाम, सांडलेलं खाणं यांवर वाढते आणि वाढता वाढता कोटिंगला धक्का लावते. साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने ती निघते, वासही जातो, पण डाग बहुतेक राहतो. डागाच्या मागे लागून ब्लीच वापरलंत तर डागासोबत कापडाचा जीवही जाईल. डाग असू द्या.

फ्लायच्या शिवणींवर आतून एक पारदर्शक पट्टी बसवलेली असते. सुईची भोकं बुजवायला ती असते. सहा वर्षांत ती कुठे कुठे सुटली असेल. सुटलेली पट्टी परत चिकटवायचा प्रयत्न करू नका. जिथवर ती सहज निघते तिथवर काढून टाका, ती रेघ स्पिरिटने पुसा आणि सीम सीलरची ट्यूब घेऊन बारीक ब्रशने शिवणीवर पातळ रेघ ओढा. जिथे गच्चीवर खडूची खूण केलीत तिथून सुरुवात करा.

चेनसाठी तुमच्या डोंबिवलीतच स्टेशनजवळ कुणी बॅगा दुरुस्त करणारा बसत असेल, त्याच्याकडे जा. पण जाण्याआधी स्वतः बघून घ्या. रनर पुढे गेला की मागून चेन उघडते, याचा अर्थ बहुतेक वेळा दात खराब नसतात, रनर सैल झालेला असतो. वाळू आणि मातीचे कण त्याच्या पोटात घासत राहतात, त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांमधली फट वाढते आणि तो दात पुरेसे दाबू शकत नाही. आधी जुन्या टूथब्रशने आणि पाण्याने पूर्ण चेन घासून काढा. मग छोटी पक्कड घ्या. रनर उघड्या टोकाला न्या. त्याची डावी कड पकडीत धरून हलकेच दाबा, तितकंच उजव्या कडेला करा, आणि चालवून बघा. एकदम जोरात दाबलंत तर रनर मोडतो किंवा अडकून बसतो. दोनतीनदा थोडं थोडं दाबून काम होतं.

हा इलाज तात्पुरता आहे, एखादा हंगाम चालतो. पक्का इलाज म्हणजे रनर बदलणं. रनरच्या पाठीवर बारीक आकडा कोरलेला असतो, ५, ८ किंवा १०. तो चेनचा नंबर. तोच नंबर आणि त्याच प्रकारची, म्हणजे नायलॉनच्या वेटोळ्या दातांची चेन, हे सांगून रनर घ्या. किंमत अगदी किरकोळ. टेंटच्या दाराला आतून-बाहेरून दोन्हीकडून ओढता येणारा रनर लागतो, हे दुकानदाराला आवर्जून सांगा, नाहीतर तो बॅगेचा एकाच बाजूला कडी असलेला देईल आणि रात्री आतून चेन लावता येणार नाही. चेनला तेल किंवा ग्रीस लावू नका, त्यावर धूळ बसून लगदा होतो. नायलॉनच्या चेनसाठी सिलिकॉनचं वंगण मिळतं, तेही चेन स्वच्छ करून थोडंसंच.

पोल. फायबरग्लासच्या पोलला उभी चीर गेली की ती पुढे पुढे वाढतच जाते. उघड्या हाताने धरू नका. काचेच्या तंतूंची कुसं बोटात शिरतात, दिसतही नाहीत आणि दोनतीन दिवस ठणकतात. हातमोजे घालून आतला रबरी दोर सोडवा आणि तो एकच तुकडा बाजूला काढा. त्याची जाडी मिलिमीटरमध्ये अचूक मोजून घ्या. बाजारात ७.९, ८.५, ९.५ अशा जाड्या असतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही तुकडा जोडाच्या टोपणात बसत नाही. लांबी तुम्ही हॅक्सॉने कापून घेऊ शकता, कापताना त्या जागी आधी चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे तंतू फुटणार नाहीत, आणि तोंडावर रुमाल बांधा. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन सुटे तुकडे मिळतात.

सहा वर्षांत आतला रबरी दोरही ढिला झाला असेल, तोही याच वेळी बदला. ताण किती ठेवायचा याचं माप सोपं आहे. पोल झटकला की तुकडे आपोआप जुळले पाहिजेत, आणि घडी घालताना रबर तुटेपर्यंत ओढावं लागू नये. यापुढे पोल नेहमी मधून दुमडायला सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंनी बाहेर जा, म्हणजे रबर सगळीकडे सारखं ताणलं जातं. टेंट काढताना पोल बाहीतून ओढू नका, ढकला. ओढला की तुकडे बाहीच्या आत सुटतात आणि टोकदार कड कापड फाडते.

डोंगरात पोल मोडला तर काय, हेही सांगून ठेवतो. बोटभर लांबीची, पोलवर सरकेल अशी ॲल्युमिनियमची नळी टेंटच्या पिशवीत कायम ठेवा. मोडल्या जागेवर ती सरकवायची, दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळायची, रात्र निघते. नळी नसेल तर टेंटच्या दोन खुंट्या मोडक्या जागेच्या दोन्ही अंगांना बांधा.

ठिगळांचं थोडक्यात. शेकोटीच्या ठिणगीने पडलेली भोकं तुमच्याही टेंटला असतील, नायलॉन-पॉलिएस्टर वितळतं आणि गोल भोक पडतं. जागा स्पिरिटने पुसा, भोकापेक्षा चारी बाजूंनी इंचभर मोठं ठिगळ कापा आणि त्याचे कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा आधी सुटतो. चिकटणारे पॅच मिळतात, त्यांचा एक आतून आणि एक बाहेरून लावा. मोठा फाटा असेल तर आधी शिवा, पॉलिएस्टरच्या दोऱ्याने, कारण सुती दोरा ओलीत कुजतो, आणि शिवणीवर सीलर फिरवा. फेविक्विक कापडाला अजिबात नको. ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि त्याच्याच कडेने कापड पुन्हा फाटतं. डक्ट टेप डोंगरात रात्र काढायला उत्तम, पण घरी आल्यावर काढा. महिनाभर राहिला तर त्याचा डिंक कापडावर बसतो आणि मग त्या जागी पॅच धरत नाही.

एवढं केल्यावर टेंट पुन्हा बाहेर न्या, मात्र थोडं वागणं बदला. जागा निवडताना खाली बसून हाताने चाचपा. सह्याद्रीत बाभळीचा काटा आणि तोडलेल्या कारवीचे टोकदार खुंट यांनी जितके तळ फोडलेत तितके दगडांनी फोडले नसतील. तळाखाली काहीतरी अंथराच. ताडपत्री किंवा कुणाचा तरी जुना फ्लेक्स चालेल. पण ते अंथरूण टेंटच्या तळापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच लहान हवं. बाहेर डोकावलं तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी त्यावर साचतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं. भंडारदऱ्याला असंही झालं असू शकतं, आठवून बघा.

हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी कातळ असतो, खुंट्या शिरत नाहीत. तिथे दोर दगडाला सरळ बांधू नका, कातळाची धार वाऱ्यात दोराला करवतीसारखी कापते. दगडाभोवती जाड फडकं गुंडाळून मग बांधा. आणि टेंटमध्ये खाऊ ठेवून फिरायला जाऊ नका. गडांवरची माकडं जाळी फाडून आत येतात. गेलात तर खाणं सोबत न्या. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर चेन आणि पोलची टोकं साध्या पाण्याने धुवायचीच, मीठ आणि वाळू दोन्ही त्यांना खातात. दिवसभर टेंटमध्ये कुणी बसणार नसेल तर तो उन्हात ताटकळत ठेवू नका. आणि आत स्टोव्ह पेटवू नका, पाऊस असला तरी. ते टेंटसाठी नाही, तुमच्यासाठी सांगतोय. कापड क्षणात पेटतं आणि बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

आता घरची शिस्त, जिच्यावर सगळं अवलंबून आहे. ओला टेंट गुंडाळावा लागतो, त्याला इलाज नाही. पावसात कोण वाळवत बसणार? पण घरी पोचलात त्याच रात्री तो पिशवीतून बाहेर आला पाहिजे. अंघोळीच्या आधी. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, बाहेर पाऊस, गॅलरीत आधीच कपडे, अशा वेळी फ्लाय दाराच्या चौकटीवर टाका, इनर पंख्याखाली दोरीवर टाका, आणि दर काही तासांनी उलटा. पावसाळ्यात दोन दिवस लागतात. कापड लवकर वाळतं, पण शिवणी, पोलच्या बाह्यांची टोकं आणि कोपऱ्यातले जाड पट्टे मागे राहतात. ते चिमटीत धरून बघा, थंड लागले तर अजून ओले आहेत. पिशवी वाळवायला लोक विसरतात. ओल्या पिशवीत कोरडा टेंट भरला की पुन्हा तेच.

वाळल्यावर तो कंपनीच्या त्या घट्ट पिशवीत भरू नका, ती फक्त प्रवासापुरती. जुन्या सुती चादरीची पिशवी शिवा किंवा उशीची मोठी खोळ घ्या, त्यात टेंट सैलसर भरा. पोल आणि खुंट्या वेगळ्या. दर वेळी त्याच रेषांवर घडी घालू नका, तिथे थर चिरतो. माळ्यावर तर अजिबात ठेवू नका. कपाटाचा मधला खण, बाहेरच्या भिंतीला न लागणारा, ही जागा बरी. डांबरगोळ्या टाकून काही होत नाही, त्या किड्यांसाठी असतात. आणि ऑगस्टमध्ये एकदा, ट्रेक असो नसो, तो काढून पंख्याखाली पसरा.

भावाच्या बोलण्यातलं एक मान्य करतो. नवा टेंट घ्यायला पंधरा मिनिटं लागतात आणि या सगळ्याला दोनतीन रविवार जातील. पण सेलमध्ये मिळणाऱ्या स्वस्त टेंटचा थर पातळ असतो, पोल हेच फायबरचे असतात, आणि जुन्याचं काय करणार? पॉलिएस्टर, पीयू, फायबरग्लास, धातू आणि रबर असं सगळं एकात शिवलेलं असतं. ते वेगळं करून कुणी घेत नाही, ते कचऱ्याच्या डोंगरावरच जातं. तुमच्या टेंटचा फ्लाय चांगला असेल तर आणखी पाचसहा वर्षं तो सहज जाईल.

राहता राहिला प्रश्न उसना देण्याचा. द्या. पडून राहण्यापेक्षा वापरात राहिलेला बरा, उघडला जातो, वारा लागतो. पण देताना त्यांच्यासमोर एकदा उभारून दाखवा, पोल ढकलायचे कसे, चेन कुठे अडते ते सांगा, खुंट्या मोजून द्या. आणि परत घेताना पिशवी बंद असताना घेऊ नका. दारातच उघडा, हात घालून बघा. ओला असेल तर तसाच परत द्या आणि वाळवून आणायला सांगा. मैत्री टिकेल, एकदाच वाईट वाटेल. आणि ते परत पाठवायला तुमचं मन होत नसेल, तर त्या रात्री पंखा लावून तुम्हीच वाळवा, पण दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

– तुमचा दादा